सही केली तेव्हा डोळे कुठे होते?

दार लावून घ्या. मागच्या बाकांवरचे पुढे या. आज ऑडिटिंगचा धडा होणार नाही.

काल संध्याकाळी तुमच्यातले तिघं माझ्या घरी आले होते. इथेच जळगावात खोटेनगरच्या पुढे, हायवेच्या कडेला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन अकरा महिने राहिले. भाडं 8 हजार, अनामत 24 हजार. जागा सोडताना मालकाने 6 हजार हातावर ठेवले आणि 18 हजार कापले: रंगाचे 10 हजार, कूलरचे साडेपाच हजार, लाइट बिलाचे अडीच हजार. "सर, आम्हाला फसवलं हो," म्हणून तिघं रडकुंडीला आलेले. मी म्हटलं, करार दाखवा. करार कोणाकडेच नव्हता. एकाच्या मोबाइलमध्ये दोन पानांचे फोटो होते आणि तिसरं पान, ज्यावर सह्या आहेत, त्याचा पत्ताच नव्हता. मी चष्मा लावून वाचायला लागलो. कलम नववं: कूलर लावल्यास दरमहा 500 रुपये जादा. विचारलं, हे माहीत होतं का? तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

याच खोलीत मागच्या वर्षी मी तुम्हाला 1872 चा भारतीय करार कायदा शिकवला. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, खुली संमती, सगळं तुम्ही पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि पास झालात. आणि आयुष्यातला पहिला खरा करार पुढ्यात आला तेव्हा नोटरीच्या टेबलाशी उभ्या उभ्या सही ठोकून मोकळे झालात. भरताची वांगी घ्यायची असली तर आसोद्याची आहेत का विचारता, देठ बघता, दाबून बघता, चार परत टाकता. अकरा महिन्यांत 88 हजार रुपये ज्या कागदावर जाणार तो उलटूनसुद्धा बघितला नाही! समोरच्याने लपवलं असतं तर मी फसवणूक म्हटलं असतं. त्याने लिहून दिलं होतं. तुम्ही वाचलं नाही.

आणि ते पैसे कोणाचे होते? एकाचे वडील चोपड्याकडे दुसऱ्याच्या केळीला पाणी भरतात. एकाची आई मशीनवर ब्लाउज शिवते. त्यांनी सोसायटीचं कर्ज आणि भिशीचे पैसे एकत्र करून तुमच्या हातात दिले. ते हातात घेताना जी जबाबदारी येते तिची जाणीव तुम्हाला काल माझ्या घरी झाली, अकरा महिने उशिरा.

आता हिशेबच मांडू. कूलर तुम्ही कधी लावला? मार्च, एप्रिल, मे. तीन महिने. म्हणजे कलमाप्रमाणे देणं दीड हजाराचं, साडेपाच हजारांचं नव्हे. मालकाने अकरा महिन्यांचे लावले आणि तुम्ही मान खाली घालून जिना उतरलात. लाइट बिल: राहायला गेलात त्या दिवशी सबमीटरचं रीडिंग कोणी टिपलं? कोणीच नाही. मग अडीच हजार बरोबर की चूक हे कशावरून ठरवणार? रंग: अकरा महिने माणसं राहिली तर भिंत थोडी मळणारच. रोजच्या वापराने होणारी झीज भाड्याने घेणाऱ्याच्या माथी मारायची नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे. पण पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून पोस्टर डकवलं आणि काढताना रंगासकट पापुद्रा उपटला, तो तुम्ही. त्या एका भिंतीचा खर्च तुमचा. बाकीच्या भिंतींचा नाही. हे सगळं तारखेसकट लिहून काढा. बिलाची प्रत आणि रंगाची पावती मागा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. मी तपासून देईन, पण लिहायचं तुम्ही.

राहायला जाल त्या दिवशी अर्धा तास खर्च करा. प्रत्येक खोलीचे, नळांचे, बेसिनचे, खिडकीच्या काचांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. मीटरचं रीडिंग त्यातच. पंखे किती, ट्यूब किती, चाव्या किती, हे कराराला जोडा. भाडं मोबाइलवरून पाठवता तेव्हा शेऱ्यात "जुलैचं भाडं" असं लिहायला काय कष्ट पडतात? रोख दिलंत तर पावती मागा. भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि न दिल्यास दिवसाला 100 रुपयांपर्यंत दंड आहे. "काका चांगले आहेत सर, पावती कशी मागायची?" हे मला सांगू नका. काका चांगले असतील तर पावती देतील.

आता त्या कागदाविषयी. अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का. जळगावात काय, धुळ्यात काय, दहापैकी आठ जण तुम्हाला हेच सांगतील की एवढं पुरे. पुरे नाही. अकरा महिन्यांची ही सवय 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पण महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याचं कलम 55 सांगतं की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे पुढचं नीट ऐका. नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

कळलं का काही? तुम्ही तिघं काल ज्या मालकापुढे मुकाट उभे होतात, त्याच्यापेक्षा कायद्याने तुमची बाजू भक्कम होती. हे ऐकून आता खोटं बोलायला जाऊ नका. कूलर लावला होता, कलम होतं, खाली तुमची सही होती. दीड हजार तुम्ही देणं लागता. कायद्याचा आधार घ्यायचा तो खऱ्यासाठी.

नोंदणीला खर्च फार येतो ही आणखी एक थाप. मुद्रांक शुल्क पाव टक्का. मुदतीतलं सगळं भाडं, परत न मिळणारी रक्कम असली तर ती, आणि अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का. तुमच्या फ्लॅटच्या आकड्यांवर काही शे रुपये होतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1 हजार, ग्रामीण भागात 500. अंगठा आणि आधार घेऊन घरबसल्या ऑनलाइन होतं. तिघांत वाटलं तर एका रविवारी हॉटेलात शेवभाजीवर खर्च करता त्याहून फार जास्त येत नाही.

रील बघून "अनामत दोनच महिन्यांची घेता येते" असं मालकाला ऐकवणारेही या वर्गात आहेत. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडे कायदा काढला, त्यात राहत्या घरासाठी ती मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो तुमच्या खोलीला लागत नाही. अर्धवट ऐकून भांडायला जाणं हे न वाचता सही करण्याइतकंच वाईट.

मालक नोंदणीला का घाबरतो, हे तुम्ही कधी विचारलंत? तो का म्हणतो "फक्त फॅमिलीसाठी"? रामानंदनगर, महाबळपासून देवपूर, वाडीभोकर रोडपर्यंत कितीतरी फ्लॅटना कुलपं का आहेत? 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये 1 कोटी 10 लाखांवर घरं रिकामी सापडली. इकडे तुम्ही खोली मिळत नाही म्हणून वणवण करता आणि तिकडे घरं बंद. यामागे भीती आहे आणि तिचा इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं, गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर त्याने वाचवलं. पण पुढे दशकंच्या दशकं ते तसंच राहिलं. मग मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्स सुरू केलं, तर 1973 मध्ये दुरुस्ती आली आणि 1 फेब्रुवारी 1973 ला जे लायसन्सवर राहत होते ते संरक्षित भाडेकरू ठरले. ज्याने विश्वासाने घर दिलं होतं त्याच्या हातून ते गेलं. पेठांमधल्या आणि धुळ्याच्या गल्ल्यांमधल्या जुन्या वाड्यांची जी दशा झाली, जिथे मालक डागडुजी करत नाही आणि भाडेकरू सोडत नाही, तिची मुळं इथे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे सांगितलं की असं गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्यायाचं झालं. मग 1999 चा कायदा आला.

आजच्या मालकाला ती कलमं माहीत नाहीत, पण "भाडेकरू घुसला की निघत नाही" हे त्याने वडिलांकडून ऐकलेलं आहे. त्याला सांगायचं ते हे, आणि आदराने सांगायचं: "नाना, नोंदणी केलीत तर तुमचाच फायदा. मुदत संपल्यावर आम्ही नाही निघालो, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळते, आणि राहिलेल्या दिवसांना दुप्पट दराने भरपाई." हे खरं आहे. नोंदणीकृत लायसन्स असेल तर मालकाला दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. मुदत संपल्यावर काय करायचं हे वेळेत न मिटवल्याने काय होतं हे बघायला लांब जायला नको. आपल्याच जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांमधल्या गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली. त्यानंतर नूतनीकरण, थकबाकी, दंड यांवर मोर्चे आणि हायकोर्टाच्या फेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. गाळेधारकही त्रासले आणि महापालिकेचं उत्पन्नही अडकलं.

आता भाव कसा ठरतो ते. तुम्ही वाणिज्य शाखेचे, मागणी-पुरवठ्याचे आलेख काढता, आणि खोली शोधायला कधी निघता? प्रवेश झाल्यावर, जुलैत, पावसात, बॅग पाठीवर घेऊन, तीन दिवसांत. तेव्हाच विद्यापीठाकडे आणि इंजिनिअरिंगला येणारी पोरं निघतात. बदली होऊन आलेले सरकारी नोकरही मुलांच्या शाळेसाठी तेव्हाच घर शोधतात. सगळे एकाच पंधरवड्यात मालकाच्या दारात उभे, मग तो सांगेल तो भाव. त्याच खोल्या एप्रिल-मेमध्ये रिकाम्या पडलेल्या असतात. तेव्हा जा. 8 हजारांची खोली एक महिना रिकामी राहिली तर मालकाचे 8 हजार बुडाले. तुम्हाला महिन्याला 500 कमी केले तर वर्षाला 6 हजारच कमी होतात. हा हिशेब त्याच्यापुढे मांडायला कोणती पदवी लागते? घराच्या किमतीच्या मानाने भाड्याचा उतारा तसाही थोडा; तेवढी रक्कम बँकेत ठेवली तर त्याला जास्त व्याज मिळेल. त्यामुळे बहुतेक मालकांना 500 रुपये जास्त देणाऱ्यापेक्षा भाडं वेळेवर देणारा, घर राखणारा आणि मुदतीला निघणारा माणूस हवा असतो. मागच्या मालकाचा फोन नंबर द्या, कॉलेजचं पत्र द्या. ते पत्र मी देतो, आजवर अनेकांना दिलं आहे.

दलाल दोन्हीकडून घेतो आणि सौदा झाला तरच घेतो. म्हणून "दुसरी पार्टी निघालीच आहे, आत्ता टोकन टाका" हे त्याचं ठरलेलं वाक्य. टोकन टाकायचं नाही. खोली न बघता, मालकाला न भेटता, घरपट्टी किंवा लाइट बिलावर त्याचं नाव न बघता एक रुपयाही पाठवायचा नाही.

आणि खोली बघायची म्हणजे काय? तुम्ही पंखा चालू करून बघता, मोबाइलला रेंज आहे का बघता आणि "छान आहे" म्हणता. आपण खान्देशात राहतो. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 ला जातो. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला भिंत असलेली, उघड्या स्लॅबखालची खोली हजार रुपयांनी स्वस्त असते, कारण ती रात्री अकरापर्यंत तापलेली असते. ते हजार रुपये कूलरच्या बिलात जातात. जुलैत बघितलेल्या खोलीत मे काढायचा आहे, हे डोक्यात ठेवूनच आत पाऊल टाका. पाण्याचं विचारा. जळगावला वाघूरचं पाणी, तेही रोज नाही. धुळ्याने तर तापी योजना, नकाणे, डेडरगाव एवढं सगळं असूनही आठ-आठ दिवसांनी नळ येण्याचे दिवस काढले आहेत. टाकी केवढी, किती बिऱ्हाडं तिच्यावर, मोटार कोणाच्या मीटरवर, हे विचारल्याशिवाय देवपुरात खोली घेणारा पुढे महिनाभर ड्रम भरत बसतो. विजेचंही तसंच. महावितरणचा घरगुती दर पहिल्या 100 युनिटला कमी, पुढच्या टप्प्याला जास्त. चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळ्यांचा वापर वरच्या टप्प्यात जातो, आणि वर मालक स्वतःचा युनिट दर लावतो. स्वतंत्र मीटर मागा. नसेल तर दर महिन्याचं मूळ बिल बघायला मिळेल असं करारात लिहून घ्या.

मुलींनो, तुमच्यापैकी दोघींनी मला सांगितलं की घरमालकीण दुपारी दुसरी चावी लावून खोलीत शिरते, कपाट उघडून बघते. आणि तुम्ही गप्प बसलात, कारण "चांगली वस्ती आहे, घरचे परत बोलावतील." जागा बघायचा हक्क मालकाला आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. कायद्यात तसं लिहिलेलं आहे. तुम्ही भाडं देता, ती खोली तोवर तुमची आहे. हे दोघींनी मिळून तिच्या तोंडावर, शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर मी आणि कॉलेजातल्या एखाद्या मॅडम येऊ. पण गप्प राहून सोसलंत तर पुढच्या वर्षी त्याच खोलीत येणाऱ्या पोरीलाही तेच सोसावं लागेल.

मालकांचं ऐकवलं, आता तुमचं. तिघांच्या नावावर घेतलेल्या खोलीत सहा जण झोपवायचे, परीक्षा संपली की शेवटचं भाडं न देता रात्री सामान हलवायचं, गच्चीवर रात्री दोनपर्यंत वाढदिवस करायचे. त्या गल्लीत पुढच्या जूनला "विद्यार्थ्यांना खोली मिळणार नाही" अशी पाटी लागते आणि त्या पाटीचा भुर्दंड साक्रीहून, यावलहून नव्याने येणाऱ्या मुलाला बसतो, ज्याने काहीच केलेलं नसतं. एक महिन्याची नोटीस लिहिली असेल तर ती द्यायची. लेखी.

शेवटी जे बोलणार आहे त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. मागच्या जुलैत याच वर्गातले चौघं एकत्र खोली बघायला गेले. मालकाने एकेकाला आडनाव विचारलं. चौथ्याचं ऐकल्यावर म्हणाला, तिघांना देतो. आणि तिघांनी घेतली! चौथा रोज पहाटेच्या एसटीने गावाहून ये-जा करत राहिला आणि तुम्ही त्याच्याच शेजारी बसून नोट्स उतरवत राहिलात. 1917 मध्ये परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं आणि काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही त्यांना बाहेर काढलं. ते तुम्ही भाषणांत सांगता. 31 जुलै 1937 ला ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दर 31 जुलैला तिथे जमणाऱ्या गर्दीत तुमच्यातलेही काही जाऊन फोटो काढून आले. मग आपल्याच मित्रावर दार बंद झालं तेव्हा तोंडून शब्द का फुटला नाही?

तुमच्यातले निम्मे आता धुळ्याला बी.एड. आणि लॉसाठी जाल, बाकीचे नाशिक-पुण्याकडे. खोल्या एकत्रच शोधाल. एकाचं आडनाव, जात किंवा धर्म ऐकून मालक मागे सरला, तर सगळ्यांनी तो जिना उतरायचा. ज्याला हे जमणार नसेल त्याने घरमालकाला दाखवायचं पत्र मागायला माझ्याकडे येऊ नये.